‘आहे’ लिहू की ‘असावं’? इंग्रजीत पेपर लिहिणाऱ्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी इंग्रजी शोधनिबंधाच्या भाषेवर चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात पत्रांचा ढीग आला, आणि त्यातली बरीचशी एकाच गोष्टीवर आहेत: इंग्रजी पेपरमध्ये ते जपून, मोजून बोलणं असतं ते नेमकं काय, आणि ते आपल्याला इतकं जड का जातं. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देते. मी बरीच वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि आता आपल्या नागपुरातल्याच मुलामुलींचे पेपर जर्नलला जायच्या आधी वाचून देते, तेव्हा जे लिहितेय ते समोर आलेल्या कागदांवरून लिहितेय.

मॅडम, मी ॲग्रीमध्ये पीएचडी करून राहिली. संत्र्याच्या फळगळीवरचा माझा पहिला पेपर बाहेरच्या जर्नलला पाठवला तर तिथे पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरनं लिहिलं की तुमचे दावे वाढवून सांगितलेले आहेत, भाषा जरा सावध करा. माझा डेटा बरोबर आहे, स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांकडून तपासून घेतलाय, मग घाबरून कशाला लिहायचं? गाईड सर म्हणतात ‘मे’ आणि ‘माइट’ लिहिलं की कॉन्फिडन्स नाही असं वाटते. कोणाचं ऐकू? — एक वाचक, काटोल रोड

आधी तुझं वाक्यच घेऊ, पत्रासोबत पाठवलंस ते फार बरं केलंस. तू लिहिलंयस: ‘धिस स्टडी प्रूव्ह्ज दॅट बोरॉन स्प्रे प्रिव्हेंट्स फ्रूट ड्रॉप इन नागपूर मँडरिन.’ आता मला सांग, तू बागा किती घेतल्या? तीन. बहार कोणता? आंबिया, तोही एकच, मृग बहार तू पाहिलाच नाहीस. फवारलेल्या झाडांची फळं गळलीच नाहीत का? गळली, पण कमी गळली. आणि फळगळ काय एकाच कारणानं होते का, बुरशीनं होते, रस शोषणाऱ्या पतंगानं होते, पाण्याचा ताण बसला की होते, हे तुझ्याच पेपरच्या पहिल्या पानावर तू लिहिलंयस. म्हणजे पहिल्या पानावर तीन कारणं आणि शेवटच्या पानावर एका फवाऱ्यानं सगळं थांबलं असं झालं. रिव्ह्यूअर तुला भ्यायला सांगत नाहीये गं, तुझ्याच पेपरची दोन टोकं जुळत नाहीत एवढंच सांगतोय.

आता हेच असं लिहून बघ: ‘इन द थ्री ऑर्चर्ड्स स्टडीड, ट्रीज स्प्रेड विथ बोरॉन शेड फ्यूअर फ्रूट्स दॅन अनस्प्रेड ट्रीज ड्युरिंग द आंबिया सीझन, धिस सजेस्ट्स दॅट बोरॉन मे हेल्प रिड्यूस फ्रूट ड्रॉप अंडर सिमिलर कंडिशन्स.’ यातला पहिला अर्धा भाग नीट वाच. तिथे एकही ‘मे’ नाही, ‘परहॅप्स’ नाही, कारण तो तुझ्या डोळ्यांनी पाहिलेला, मोजलेला भाग आहे आणि तिथे तू छातीठोक बोलायचंस, गाईड सर म्हणतात तो कॉन्फिडन्स तिथेच दाखवायचा. दुसऱ्या भागात तू तीन बागांवरून सगळ्या बागांकडे उडी मारतेस, ‘सजेस्ट्स’ आणि ‘मे’ त्या उडीसाठी आहेत. आणि ‘प्रिव्हेंट’ गेलं, ‘रिड्यूस’ आलं, कारण गळ थांबली नव्हती, कमी झाली होती. हा शेवटचा बदल तर सावधपणाचा पण नाही, साध्या खरेपणाचा आहे.

या प्रकाराला इंग्रजीत हेज म्हणतात, म्हणजे कुंपण. जॉर्ज लॅकॉफ नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं १९७२ साली हा शब्द या अर्थानं वापरला आणि तो तसाच राहिला. आपल्याकडे वावराच्या धुऱ्यावर काट्याची कुपाटी घालतात ना, तीच ही. धुऱ्यावरून किती भांडणं होतात ते तुला काटोलच्या बागा फिरताना दिसलंच असेल. सातबाऱ्यावर तीन एकर आहे तर कुंपण तीन एकरालाच घालायचं, शेजाऱ्याच्या वावरात घातलं तर तो कोर्टात जाणार, आणि जर्नलमध्ये तो शेजारी म्हणजे रिव्ह्यूअर. पण दुसरी बाजू पण बघ, तीन एकर आपलं असताना भीतीनं दोनच एकराला कुंपण घातलं तर उरलेलं वावर गेलं, आणि ‘धिस मे पॉसिब्ली सीम टु इंडिकेट’ असं तीन तीन कुंपणं एकावर एक घालणारे लोक तेच करतात.

गाईड सरांचं म्हणणं कुठून येतं ते मला कळतं, आणि ते चुकीच्या जागेवरून येत नाही. आपण सगळे ज्या शाळेतून आलो तिथे प्रश्नच ‘सिद्ध करा’ असा असतो, उत्तर एकच असतं आणि त्याखाली रेघ मारली की मार्क, तिथे ‘कदाचित’ लिहिलं तर सर विचारतात अभ्यास नाही केला का. त्यात ‘मे’ हा शब्द आपल्याला भेटतो तो वर्गाच्या दारात, ‘मे आय कम इन सर’. ग्रामरच्या तासाला फळ्यावर काय असतं, ‘कॅन’ म्हणजे ताकद, ‘मे’ म्हणजे परवानगी, ‘मस्ट’ म्हणजे सक्ती. अंदाज सांगायचा ‘मे’ एखाद्या ओळीत येऊन जातो आणि परीक्षेत तो कोणी विचारत नाही. मग तेच पोरगं वीस वर्षांनी पेपर लिहायला बसतं तेव्हा ‘मे’ लिहिताना त्याला आपण परवानगी मागतोय, हात जोडून उभे आहोत असंच वाटणार.

पण ज्यांची भाषा आहे त्यांच्याकडे ही सवय विज्ञानासोबतच आली. रॉबर्ट बॉइलनं १६६१ साली आपल्या प्रयोगांवरच्या निबंधांच्या सुरुवातीला सांगूनच टाकलं की मी ‘परहॅप्स’, ‘इट सीम्स’ असे शब्द मुद्दाम आणि वारंवार वापरतोय, कारण जी मतं मला पटतात त्यांच्या खरेपणाबद्दल मला पूर्ण खात्री नाही. याच बॉइलच्या नावाचा नियम आपण अकरावी-बारावीत पाठ केला. आणि १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली, ‘नेचर’मध्ये, जेमतेम पानभराचा लेख, त्याचं पहिलं वाक्य ‘वी विश टु सजेस्ट’ असं सुरू होतं. सजेस्ट! त्या शोधाला नोबेल मिळालं १९६२ ला. सरांना हा लेख दाखव, तो नेटवर सहज मिळतो, आणि तुझं वाक्य आधीचं आणि नंतरचं दोन्ही शेजारी ठेवून दाखव. वाद घालू नकोस, फक्त दाखव.

ताई, मी कुठेतरी वाचलं की इंग्रजी माणूस सरळ रेषेत लिहितो आणि पूर्वेकडचे लोक गोल गोल फिरून मुद्द्यावर येतात. मग आपण तर आधीच आडवळणानं बोलणारे, आपल्याला सावध भाषा सोपी जायला पाहिजे. तरी आमच्या डिपार्टमेंटच्या सगळ्यांना हीच कॉमेंट येते की फार ठासून लिहिता. हे उलटं कसं? — एक वाचक, प्रतापनगर

प्रश्न फार आवडला. ती सरळ रेषा आणि गोल गोल चित्रं रॉबर्ट कॅप्लन यांची, १९६६ सालची. अमेरिकेत शिकायला आलेल्या परदेशी मुलांचे इंग्रजी निबंध वाचून त्यांनी ती काढली, आणि ती इतकी सोपी, इतकी लक्षात राहणारी होती की अजून लोक ती घेऊन फिरतात. त्यावर नंतर खूप टीका झाली. नवशिक्या मुलांच्या परक्या भाषेतल्या निबंधावरून त्यांच्या अख्ख्या संस्कृतीचा विचार कसा चालतो हे कसं सांगणार, हा मुख्य आक्षेप, आणि स्वतः कॅप्लननी पण १९८७ मध्ये आपलं म्हणणं बरंच मवाळ केलं. तेव्हा ती चित्रं डोक्यातून काढा.

मोजून केलेलं काम जास्त कामाचं. केन हायलंड आणि जॉन मिल्टन यांनी १९९७ मध्ये हाँगकाँगच्या शाळकरी मुलांचे इंग्रजी निबंध आणि त्याच वयाच्या ब्रिटिश मुलांचे निबंध शेजारी ठेवून पाहिले. हाँगकाँगची मुलं जास्त ठासून लिहीत होती आणि त्यांच्याकडे अंदाज दाखवायचे शब्द पण मोजकेच होते, तेच तेच परत येत होते. मग ग्वांगवेइ हू आणि फेंग काओ यांनी २०११ मध्ये इंग्रजी जर्नल आणि चिनी जर्नल यांच्यातले सारांश तपासले, ६४९ सारांश, सगळे एकाच विषयातले, तर इंग्रजी जर्नलमध्ये हेज ठळकपणे जास्त निघाले. म्हणजे ज्यांना आपण ‘गोल गोल’वाले समजतो तेच विधान करताना जास्त ठाम निघाले. तुमच्या डिपार्टमेंटची गोष्ट जगावेगळी नाही.

आता हे उलटं कसं, त्यावर माझं मत सांगते, वर्षानुवर्षं हे कागद वाचून झालेलं मत आहे. आपण नम्र आहोत, पण आपली नम्रता स्वतःबद्दल असते. आपल्याकडचा कोणताही प्रबंध उघडा, पहिल्या पानावर काय असतं? ‘हा माझा अल्पसा प्रयत्न’, ‘माझ्या मर्यादित बुद्धीला जमेल तसं’, ‘चुका पदरात घ्याव्या’. आणि सातव्या प्रकरणात? ‘यावरून निःसंशयपणे सिद्ध होते की’. माणूस वाकलेला आणि विधान ताठ. इंग्रजी पेपरमध्ये याच्या अगदी उलट असतं, तिथे लेखक स्वतःला कमी लेखत नाही, ‘माझा छोटासा प्रयत्न’ असं तिथे लिहिलं तर वाचणारा गोंधळतो की हा असं का म्हणतोय, काम कच्चं आहे का. पण त्याचं विधान मात्र तोलून मापून असतं. आपली नम्रता खोटी नाही, मला ती फार जवळची वाटते, फक्त इंग्रजी पेपरमध्ये तिची जागा बदलते: प्रस्तावनेतून काढायची आणि निष्कर्षात न्यायची.

एक अजून. आपण बोलताना आडवळण घेतो ते समोरच्याचा मान राखायला. ‘तुम्ही जेवून आले असान तर राहू द्या, पण थोडं पिठलं आहे’ असं म्हणतो, त्यात पिठल्याबद्दल शंका नसते, समोरच्यावर जबरदस्ती नको एवढंच असतं. पेपरमधला ‘मे’ या जातीचा कमी आणि पुराव्याच्या जातीचा जास्त. ही सांगड एकदा डोक्यात बसली की बरंच सोपं होतं. आणि विषयाप्रमाणे पण फरक पडतो हे विसरू नका. हायलंडनीच दाखवलंय की समाजशास्त्र, तत्त्वज्ञान अशा विषयांच्या पेपरमध्ये हेज कितीतरी जास्त असतात, फिजिक्स आणि इंजिनिअरिंगमध्ये कमी. तेव्हा सिव्हिलवाल्यानं फिलॉसॉफीच्या पेपरसारखं लिहायला जाऊ नये.

एका पानात ‘मे’ किती वेळा यावा? — एक वाचक, मानेवाडा

असा आकडा नसतो हो. मेथड्समध्ये, म्हणजे काम कसं केलं ते सांगायच्या भागात, जवळपास शून्य, तिथे ‘अबाउट’ आणि ‘अप्रॉक्झिमेटली’ दिसलं तरी मी पेन्सिलीनं गोल करते, साठ झाडं घेतली तर साठ लिहा. रिझल्ट्समध्ये थोडे, डिस्कशनमध्ये सगळ्यात जास्त. आणि एका वाक्यात एकच.

नमस्कार मॅडम. मी एका कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे. माझ्यासोबत झालं ते असं: रिव्ह्यूअरनं लिहिलं ‘द ऑथर्स मे विश टु कन्सिडर ॲडिंग अ कंट्रोल ग्रूप’, म्हणजे तुलनेसाठीचा वेगळा गट. मी म्हटलं, ‘मे विश’ लिहिलंय म्हणजे मर्जी आपली, वेळ पण नव्हता, म्हणून ते सोडून बाकीचं सगळं दुरुस्त करून पाठवलं. पेपर रिजेक्ट, आणि कारण काय तर ‘मेजर कन्सर्न वॉज नॉट ॲड्रेस्ड’. मेजर होतं तर मेजर म्हणायचं ना! हा अन्याय नाही का? — एक वाचक, हिंगणा रोड

वाचून वाईट वाटलं, कारण तुमची मेहनत वाया गेली ती एका ‘मे’मुळे, आणि हे मी आजवर निदान सात-आठ जणांच्या बाबतीत पाहिलंय. रिव्ह्यूअर काही तुम्हाला फसवायला बसला नव्हता, त्याच्या भाषेत त्यानं स्पष्टच सांगितलं होतं. तुम्ही जी भाषा वाचली ती शब्दकोशातली आणि त्यानं जी लिहिली ती त्याच्या घरातली.

बरोबरीच्या माणसाला कामाबद्दल सांगताना ‘हे कर’ असं म्हणणं तिथे उद्धट वाटतं. म्हणून हुकूम सूचनेच्या कपड्यात येतो. ‘मे विश टु कन्सिडर’ म्हणजे करा. ‘आय वंडर इफ’ म्हणजे मला पटलेलं नाही. ‘आय वॉज समव्हॉट सरप्राइज्ड’ म्हणजे तर इथे मोठा घोळ आहे, आधी हेच बघा. ‘इट वुड बी हेल्पफुल टु’ म्हणजे याशिवाय पेपर पुढे जाणं कठीण. सगळेच असं लिहीत नाहीत, काही रिव्ह्यूअर थेट लिहितात, आणि तो ब्रिटिश आहे की जर्मन की आपलाच कोणी, हे तुम्हाला कळत नसतं, म्हणून एक पक्का नियम करा: रिव्ह्यूअरच्या वाक्यातला ‘मे’ आणि ‘माइट’ खोडून वाचायचा. जे उरेल ते काम.

आपल्याला हे समजू नये असं काही नाही खरं तर. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणतात ‘दूध ओट्यावर राहिलं वाटते’, तेव्हा सून दूध फ्रिजमध्ये ठेवते, ती काय म्हणते का की हो राहिलं आहे खरं. घरात आपण हे लगेच ओळखतो, परक्या भाषेत शब्दाला धरून बसतो, कारण तिथे चूक व्हायची भीती असते आणि भीती वाटली की माणूस शब्दाला चिकटतो.

आणि समजा कंट्रोल ग्रूप जोडणं खरंच शक्य नव्हतं, बॅच निघून गेली होती, तरी गप्प बसायचं नसतं. उत्तराच्या पत्रात लिहायचं की आम्ही हा मुद्दा मान्य करतो, या कारणानं आता ग्रूप जोडता येत नाही, म्हणून डिस्कशनमध्ये ही मर्यादा नोंदवली आहे आणि निष्कर्ष त्याप्रमाणे सौम्य केला आहे. पेपर तिथेच टाकून देऊ नका, हे सगळं करून दुसरीकडे पाठवा.

सिनियर सरांच्या कामाविरुद्ध आपला निकाल आला तर काय लिहायचं? सर व्हायव्हाला पण येतील. — नाव देऊ नये, सदर

घाबरू नका. ‘सरांचं चुकलं’ असं कुठेच लिहायचं नसतं, आपला निकाल वेगळा आला एवढंच लिहायचं आणि वेगळा का आला असेल याची शक्यता द्यायची: ‘दीज फाइंडिंग्ज डिफर फ्रॉम दोज ऑफ’ अमुक, ‘पॉसिब्ली बिकॉज अवर सॅम्पल्स वेअर कलेक्टेड आफ्टर द मान्सून’. यात सरांचा निकाल त्यांच्या जागी खरा राहतो आणि तुमचा तुमच्या जागी. पण कारण खरं असलं पाहिजे, मान राखायला मान्सून आणायचा नाही. आणि सरांचे जुने आकडे गाळून टाकून पळवाट काढू नका, ते सगळ्यात वाईट.

‘लाइकली’ म्हणजे किती? आमच्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये मी ‘शॉर्टेज इज लाइकली’ लिहिलं, साहेब म्हणतात म्हणजे होणारच ना, दुसरे साहेब म्हणतात म्हणजे होईल न होईल. — एक वाचक, सिव्हिल लाइन्स

दोन्ही साहेबांची चूक नाही, शब्दच तसा आहे. हवामानबदलावर जगभरच्या शास्त्रज्ञांचा जो अहवाल निघतो, आयपीसीसीचा, त्यांनी यावर उपाय म्हणून शब्दांना आकडे बांधून दिलेत. तिथे ‘लाइकली’ म्हणजे ६६ टक्क्यांच्या वर शक्यता, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० च्या वर, ‘व्हर्च्युअली सर्टन’ म्हणजे ९९ च्या वर. किती चांगली सोय आहे! पण तरी गंमत बघा, डेव्हिड बुडेस्कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ देशांत, १७ भाषांत, लोकांना ती वाक्यं वाचायला देऊन विचारलं की यातून तुम्हाला किती टक्के समजलं, तर सगळीकडे लोक आकडा मधोमध, पन्नासाकडे ओढत होते, ‘व्हेरी लाइकली’ वाचून ९० च्या खालचंच काहीतरी समजत होते. शब्दाच्या शेजारीच आकडा छापला तेव्हा समज सुधारली. ते २०१४ मध्ये छापून आलं. म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये पण शब्दाला लागूनच आकडा लिहा, तळटीपेत नको, साहेब तळटीप वाचत नाहीत. आणि आकडा नसेल तर कशावरून म्हणताय ते लिहा, म्हणजे धरणातला साठा किती आणि मागच्या पाच उन्हाळ्यांत याच तारखेला किती होता.

मॅडम, मी मराठीची शिक्षिका. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक यावर मला इंग्रजीत एका परिषदेसाठी निबंध लिहायचा आहे. लहानपणापासून ऐकत आलोय की कालिदासानं मेघदूत इथेच लिहिलं, आता इंग्रजीत त्याला ‘मे’ लावायचा म्हणजे आपल्याच गावावर शंका घेतल्यासारखं वाटते. आणि मराठीत अशी सावध भाषा आहे का तरी? — एक वाचक, रामटेक

मराठीत आहे का? अहो, मराठीइतकी बारीक सोय इंग्रजीत पण नाही. ‘पाऊस पडला आहे’, ‘पडला असेल’, ‘पडला असावा’, ‘पडला म्हणे’, चारही वाक्यांत पाऊस तोच, पण तुम्हाला कसं कळलं ते प्रत्येकात वेगळं. ‘असावा’ म्हणणाऱ्यानं ओलं अंगण पाहिलंय, ‘असेल’ म्हणणाऱ्यानं नुसता अंदाज केलाय, ‘म्हणे’वाल्याला शेजारणीनं सांगितलंय. वऱ्हाडात तर ‘आला असन बा’ एवढ्यात सगळं येतं. आपण हे दिवसातून शंभरदा करतो आणि मग इंग्रजी लिहायला बसलो की चारही वाक्यांचं एकच ‘इट रेन्ड’ करतो.

आणि लिहिण्यातही होतं. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र जुळवलं तेव्हा ज्यांनी ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिलं, ऐकलं त्यांच्याकडे जाऊन विचारून लीळा गोळा केल्या, आणि एकाच लीळेची वेगळी आठवण असली की ती कोणाची हेही पोथ्यांमध्ये नोंदवलेलं सापडतं. हे सगळं आपल्या रिद्धपूरच्या परिसरातलं, विदर्भातलं.

आता रामटेक. तुमच्या विषयात तीन वेगवेगळी विधानं आहेत आणि ती आपण एकाच दमात बोलतो, तिथेच गडबड होते. पहिलं, वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, तिचा ताम्रपट रिद्धपूरला सापडला आणि त्यात रामगिरीस्वामीच्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या, पायापाशून हे दान दिलं असा उल्लेख आहे. हे कोरलेलं आहे, कोणीही वाचू शकतं, इथे ‘मे’ लावायचा नाही, ‘द कॉपर प्लेट मेन्शन्स’, संपलं. दुसरं, तो रामगिरी म्हणजे आजचा रामटेकचा डोंगर. हे अनुमान आहे पण चांगल्या पायावरचं, महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारख्या नागपूरच्याच थोर अभ्यासकानं ते मांडलं, वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन तिथून हाकेच्या अंतरावर, हे पण जमेस धरायचं. इथे ‘इज जनरली आयडेंटिफाइड विथ’ लिहा. कालिदासाचा रामगिरी पण हाच, हे त्याच्या पुढचं पाऊल, मेघ पुढे नर्मदेकडे, विदिशेला, उज्जैनला जातो ती वाट रामटेकवरून जुळते, पण छत्तीसगडातल्या सरगुजाकडचा रामगड म्हणजे रामगिरी असं मानणारे अभ्यासकही आहेत, म्हणून ‘इज लाइकली टु बी’ आणि लगेच रामगडवाल्यांचं म्हणणं दोन वाक्यांत. आणि तिसरं, कालिदासानं इथे बसून लिहिलं, हे आपण ऐकत आलो, त्याला ‘लोकल ट्रॅडिशन होल्ड्स दॅट’. म्हणजे मराठीतलं ‘म्हणतात’.

यात गावावर शंका कुठे आली? उलट होतं काय की परिषदेत एखादा रामगडवाला बसलेला असतो, तुम्ही तिन्ही गोष्टी एका सुरात ‘आहे’ म्हणून सांगितल्या तर तो तिसरी उचलणार, ती पाडणार, आणि तिच्यासोबत तुमचा ताम्रपट पण खाली जाणार, ऐकणाऱ्यांना वाटणार की यांचं सगळंच ऐकीव आहे. तिन्ही वेगवेगळ्या ठेवल्या तर ताम्रपटाला तो हात लावू शकत नाही. मला तर गडावर उभं राहून आषाढातले ढग येताना पाहिले की तिसरंच खरं वाटतं, आणि ते वाटणं मी निबंधात कुठेच लिहिणार नाही.

मसुदा झाला की पाठवा, मी वाचून देते. ताम्रपटाचं वाचन मात्र छापील मूळ पाठावरून घ्या, कोणाच्या लेखात उतरवलेलं नको, त्या एका ओळीवर तुमचा अर्धा निबंध उभा राहणार आहे.